रस्त्यावर उतरण्याआधीचा वर्ग

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला आहे. ‘सर, मोर्चा झाला. कलेक्टरला निवेदन दिलं. पेपरात फोटोही आला. आता पुढे काय?’ आणि मोहल्ल्यातल्या बुजुर्गांचं उत्तरही ठरलेलं आहे. ‘बेटा, पहले पढ़ो-लिखो, नौकरी लगो. सियासत अपना काम नहीं.’

मुलांचा प्रश्न खरा आहे आणि बुजुर्गांची भीतीही खरी आहे. आम्ही काही जण दर रविवारी एका टेलरच्या दुकानामागच्या खोलीत अभ्यासवर्ग चालवतो. पंधरा-वीस मुलंमुली येतात. संविधान वाचतो, बजेट वाचतो, माहितीचा अधिकार कसा वापरायचा ते बघतो. मध्यंतरी वर्गातल्या एका मुलाला मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून पोलिसांचं बोलावणं आलं. त्या स्टेटसचा वर्गाशी काही संबंध नव्हता. पण पुढच्या रविवारी खोलीत सहाच जण होते. दोन वडीलधारी माणसं घरी येऊन अदबीनं सांगून गेली, ‘भाईजान, हे बंद करा. पोरांच्या करिअरचा प्रश्न आहे.’

त्यांना द्यायचं उत्तर मी बरेच दिवस मनात जुळवत होतो. ते जुळवताना सगळ्यात जास्त मदत झाली ती साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या इतिहासाची. आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण सगळ्यांना माहीत असतं. मोर्च्यांचे फोटो माहीत असतात. पण त्या मोर्च्यांच्या मागे जे वर्ग चालत होते, चर्चच्या तळघरात, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, झाडाखाली, त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आज त्या वर्गांविषयी लिहायचं आहे.

नागपूरहून नॅशव्हिलला

सुरुवात नागपूरपासून करतो. नागपुरात शिकत असताना सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजच्या दारावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. या कॉलेजात 1953 ते 1956 या काळात जेम्स लॉसन नावाचे एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन होते. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून अमेरिकेत त्यांनी तुरुंगवास भोगला होता. सुटल्यावर मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून ते नागपूरला आले. मुलांना शिकवायचे, खेळांचं प्रशिक्षण द्यायचे, आणि गांधींच्या सत्याग्रहाचा बारकाईनं अभ्यास करायचे. माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली.

परत गेल्यावर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला आले. तिथल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी चर्चच्या तळघरात वर्ग सुरू केले. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हेल ही नंतर गाजलेली नावं त्या वर्गांत बसलेली होती.

वर्गात काय चालायचं? वाचन होतं, बायबल होतं, गांधी होते, चर्चा होती. पण त्याहून महत्त्वाचा होता सराव. खुर्च्या मांडून उपाहारगृहाचं काउंटर तयार करायचं. काही मुलं त्यावर बसणार. बाकीची गोरे गुंड होणार. शिव्या देणार, ढकलणार, खुर्चीवरून ओढून पाडणार. बसलेल्यानं उलट हात उचलायचा नाही, पळायचंही नाही. डोकं कसं वाचवायचं, मित्राला मार बसत असेल तर मध्ये कसं पडायचं, हे सगळं शिकायचं. मग बसून बोलायचं की राग कुठे आला, भीती कुठे वाटली. डायन नॅश यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की त्या प्रचंड घाबरलेल्या असायच्या. भित्र्यांना त्या वर्गात मज्जाव नव्हता. भीतीचं काय करायचं हाच तर अभ्यासक्रम होता.

1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले आणि दक्षिणेत सगळीकडे वणवा पेटला. नॅशव्हिलची मुलं 13 फेब्रुवारीला उतरली. त्यांची तयारी आधीपासून झालेली होती. कसं वागायचं याची लेखी नियमावली त्यांच्याकडे होती. पहिली तुकडी अटक झाली की रिकाम्या खुर्च्यांवर दुसरी तुकडी येऊन बसायची. एप्रिलमध्ये त्यांचा खटला लढवणारे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक शांतपणे महापालिकेवर चालून गेले. पायऱ्यांवर डायन नॅशनं महापौरांना सरळ विचारलं, माणसाच्या रंगावरून भेदभाव करणं तुम्हाला स्वतःला चूक वाटतं का? महापौर बेन वेस्ट यांना ‘हो’ म्हणावं लागलं. 10 मे 1960 रोजी नॅशव्हिलच्या काउंटरांवर कृष्णवर्णीयांना जेवण वाढलं गेलं.

एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला तो प्रश्न ऐन वेळी कसा सुचला? घोषणा न देता, शिवी न देता, समोरच्या माणसाच्या सद्सद्विवेकाला हात घालणारा प्रश्न. माझ्या मते तो अचानक सुचलेला नव्हता. महिनोन्महिने तळघरात बसून आपल्याला काय हवंय आणि का हवंय हे स्वतःशी स्पष्ट केल्यावरच जिभेवर असा प्रश्न येतो.

दुकानामागची शाळा

टेलरच्या दुकानामागे बसताना मला नेहमी दुसऱ्या एका खोलीची आठवण येते. साउथ कॅरोलायना राज्यात जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथे मतदार व्हायचं असेल तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागायचा. ज्यांना शाळाच मिळू दिली नाही त्यांच्याकडून वाचनाची परीक्षा! एसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ बेटावरून शहरात बस चालवायचे. बसमधल्या प्रवाशांना ते घटनेची कलमं समजावून सांगायचे. त्यांना शाळा हवी होती.

या कामात सेप्टिमा क्लार्क पुढे आल्या. चाळीस वर्षं शिक्षिका म्हणून काम केलेल्या या बाईंना 1956 मध्ये नोकरीवरून काढण्यात आलं, कारण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचं सभासदत्व सोडायला त्या तयार नव्हत्या. टेनेसीतल्या डोंगरात हायलँडर फोक स्कूल नावाची एक संस्था 1932 पासून कामगारांचे आणि शेतकऱ्यांचे वर्ग घेत होती. गोरे-काळे तिथे एकत्र बसत, एकत्र जेवत. माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देण्याच्या चार महिने आधी रोझा पार्क्स याच संस्थेच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. आपल्या पाठ्यपुस्तकात ‘दमलेली बाई उठली नाही’ एवढंच असतं. तिनं वर्ग केला होता हे नसतं.

क्लार्क आता हायलँडरमध्ये काम करू लागल्या. हायलँडरच्या मदतीनं जॉन्स आयलंडवर एक जुनी इमारत घेतली गेली. पुढे सहकारी किराणा दुकान, मागे वर्ग. दुकान अशासाठी, की गोऱ्यांना संशय येऊ नये. जानेवारी 1957 मध्ये चौदा प्रौढ विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग सुरू झाला. शिकवायला कोण? बर्निस रॉबिन्सन, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाई. त्या शिक्षिका नव्हत्या, म्हणूनच त्यांना निवडलं. शिक्षिकेची नोकरी सरकारच्या हातात असते. पार्लरवालीची गिऱ्हाईकं सगळी आपलीच, तिला कोण काढणार?

रॉबिन्सनबाईंनी आधी लहान मुलांची पुस्तकं आणली होती. ती बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला मनिऑर्डर लिहायला शिकायचं होतं, कुणाला मुलांची पत्रं वाचायची होती, कुणाला बायबल वाचायचं होतं. तिथून सुरुवात झाली आणि तिथूनच मतदार नोंदणीच्या अर्जापर्यंत वाट गेली. हे वर्ग पुढे दक्षिणेत सगळीकडे पसरले. टेनेसी सरकारनं 1961 मध्ये हायलँडरला टाळं लावलं. तोवर वर्ग दुसऱ्या संस्थेनं उचललेले होते. इमारत बंद करता आली, शिकलेलं बंद करता आलं नाही.

आमच्या वर्गात रेशन कार्डातलं नाव, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म यावर तास जातात तेव्हा काही मित्र म्हणतात, यात ‘राजकीय’ काय? मी त्यांना जॉन्स आयलंडची मनिऑर्डर सांगतो.

खुर्ची न मागणाऱ्या बाई

ग्रीन्सबरोनंतर विद्यार्थ्यांचं हे लोण वेगवेगळ्या शहरांत पसरलं, पण मुलं एकमेकांना ओळखत नव्हती. तेव्हा एला बेकर यांनी एप्रिल 1960 मध्ये रॅलेच्या शॉ विद्यापीठात त्यांची बैठक बोलावली. बेकर तेव्हा 56 वर्षांच्या होत्या. गावोगाव फिरून संघटना बांधण्यात त्यांची हयात गेली होती. किंग यांच्या संस्थेचं कार्यालय त्याच सांभाळत होत्या.

त्या संस्थेतल्या मोठ्या मंडळींना वाटत होतं की या मुलांनी आपली युवा शाखा व्हावं. असं कुणाला वाटत नाही? आपल्याकडे प्रत्येक पक्षाला, प्रत्येक तंजीमला युवा आघाडी हवी असते. सतरंज्या उचलायला आणि घोषणा द्यायला. बेकरबाईंनी याला कडाडून विरोध केला. मुलांनी आपली संघटना आपण काढावी, आपले निर्णय आपण घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून ‘एसएनसीसी’, म्हणजे विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती उभी राहिली. मुलं तिला ‘स्निक’ म्हणायची. बाईंनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. हा झगडा उपाहारगृहातल्या एका हॅम्बर्गरपुरता नाही, त्याहून फार मोठा आहे.

बेकरबाई स्निकच्या बैठकींना तासन्‌तास बसून राहायच्या. भाषण करायच्या नाहीत, प्रश्न विचारायच्या. समर्थ माणसांना समर्थ नेत्याची गरज नसते, असा त्यांचा विचार होता. 1961 च्या उन्हाळ्यात स्निक फुटायच्या बेतात आली. एक गट म्हणे सत्याग्रह, दुसरा म्हणे मतदार नोंदणी. बाईंनी सुचवलं की एकाच संघटनेत दोन्ही कामं करा. संघटना टिकली. आणि मिसिसिपीत गेल्यावर मुलांना कळलं की तिथे मतदार नोंदणीच्या कचेरीची पायरी चढणं हाच सत्याग्रह आहे, कारण त्यासाठीही गोळी घातली जाते.

राजकीय शिक्षण देणाऱ्याचं माप मला इथे सापडतं. त्याच्यामागे किती पोरं फिरतात यावरून त्याला मोजायचं नाही. तो खोलीत नसताना पोरं निर्णय घेऊ शकतात का, हे बघायचं.

शाळेतून काढलेल्या मुलांची शाळा

आता बुजुर्गांच्या भीतीकडे येतो. ‘पोरांच्या शिक्षणाचं नुकसान होईल.’ ही भीती मिसिसिपीतल्या आईबापांनाही होती, आणि आपल्यापेक्षा जास्त सकारण होती.

1961 मध्ये बॉब मोझेस नावाचा गणिताचा तरुण शिक्षक स्निकच्या कामासाठी मिसिसिपीतल्या मॅककोंब गावात आला आणि मतदार नोंदणीचे वर्ग घेऊ लागला. मिसिसिपीत अर्जदाराला राज्यघटनेतल्या 285 कलमांपैकी कुठलंही एक देऊन त्याचा अर्थ लिहायला सांगत. अर्थ बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवणार. त्या सप्टेंबरमध्ये हर्बर्ट ली या शेतकऱ्याला राज्य विधिमंडळाच्या एका सदस्यानं दिवसाढवळ्या गोळी घालून मारलं. त्याला शिक्षा झाली नाही.

याच गावात ब्रेंडा ट्रॅव्हिस ही शाळकरी मुलगी बसस्थानकावर गोऱ्यांसाठी राखीव जागेत बसली आणि तुरुंगात गेली. बाहेर आल्यावर शाळेनं तिला परत घेतलं नाही. तेव्हा तिच्या शाळेतली शंभराहून अधिक मुलं वर्ग सोडून मोर्चानं निघाली. परत यायचं तर पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या, अशी अट शाळेनं घातली. अनेकांनी सही दिली नाही.

मग स्निकच्या कार्यकर्त्यांनी काय केलं? ‘तुमचा त्याग इतिहास लक्षात ठेवेल’ असं म्हणून ते पुढच्या गावी निघून गेले नाहीत. त्यांनी त्या मुलांसाठी शाळा काढली, ‘नॉनव्हायोलंट हाय’. बॉब मोझेस गणित शिकवायचे, चक मॅकड्यू इतिहास. काही आठवड्यांत शिक्षकांनाच तुरुंगात टाकलं गेलं, तेव्हा जॅक्सनच्या कॅम्पबेल कॉलेजनं त्या मुलांना सामावून घेतलं.

ही गोष्ट मी आमच्याकडे आलेल्या त्या दोन बुजुर्गांना सांगितली. म्हटलं, तुमची भीती मला मान्य आहे. पण तिचं उत्तर वर्ग बंद करणं नाही. उत्तर हे आहे की मुलावर प्रसंग आला तर वकील कोण देईल, परीक्षेची फी कोण भरेल, नोट्स कोण पुरवेल, हे आपण आधी ठरवू. ज्या चळवळीकडे गणिताचा मास्तर नाही तिनं शाळकरी मुलांना रस्त्यावर बोलवू नये, हे मी तुमच्या बाजूनं म्हणतो. त्यातले एक जण निवृत्त शिक्षक आहेत. ते गप्प झाले. दुसरे म्हणाले, ‘आप की बात अलग है, ज़माना अलग है.’ दोघांचंही पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

1964 चा उन्हाळा

याच अनुभवातून पुढे फ्रीडम स्कूल आली. डिसेंबर 1963 मध्ये स्निकच्या चार्ली कॉब या विद्यार्थी कार्यकर्त्यानं ती कल्पना मांडली. त्याचं निरीक्षण साधं होतं. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे प्रश्न विचारणं. सरकार गोऱ्या मुलावर जवळपास चौपट खर्च करायचं. पुस्तकं जुनी, इमारती मोडक्या. पण त्याहून मोठी चोरी म्हणजे मुलाच्या मनातून ‘का?’ हा शब्दच काढून घेणं.

हजारेक मुलं येतील असा अंदाज होता. दोन हजारांहून अधिक आली. चाळीसच्या वर शाळा भरल्या. चिमुरड्यांपासून आजोबांपर्यंत सगळे एकाच बाकावर. सकाळी कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि नागरिकशास्त्र, दुपारी टायपिंग, नाटक, फ्रेंचसुद्धा. फ्रेंच कशाला? कारण गोऱ्यांच्या शाळेत ती शिकवत आणि यांच्या शाळेत नाही, म्हणून मुलांनी मागितली. मुलं स्वतः सायक्लोस्टाइल करून वर्तमानपत्रं काढायची.

अभ्यासक्रमात काही प्रश्न पुन्हा पुन्हा येत. गोऱ्यांच्या संस्कृतीत असं काय आहे जे आपल्याला हवंय? असं काय आहे जे नकोय? आणि आपल्याजवळ असं काय आहे जे आपल्याला राखायचंय? वाचकहो, हे तीन प्रश्न मी फळ्यावर लिहिले तेव्हा आमच्या वर्गात दोन तास चर्चा चालली. अल्पसंख्य समाजातल्या तरुणाला आयुष्यभर पुरतील असे हे प्रश्न आहेत. आपल्याकडे एक बाजू म्हणते, मुख्य प्रवाहात या, म्हणजे सगळं सोडा. दुसरी म्हणते, आपलं सगळं पवित्र, काहीच सोडू नका. तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही.

याची किंमतही सांगायला हवी. फ्रीडम स्कूलसाठी जागा द्यायला तयार झालेलं नेशोबा काउंटीतलं माउंट झायन चर्च जाळण्यात आलं. त्याची पाहणी करायला गेलेले जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर हे तिघे 21 जून 1964 रोजी मारले गेले. एक कृष्णवर्णीय, दोन ज्यू. तरीही शाळा भरल्या. ऑगस्टमध्ये मेरिडियनला शाळांचे प्रतिनिधी जमले आणि घरं, आरोग्य, शिक्षण, मतदान यांवर मुलांनी स्वतःचा जाहीरनामा तयार केला.

‘शुद्ध’ भाषेचा तास

मला सर्वांत जवळचा वाटतो तो 1965 च्या सुरुवातीचा एक तास. मिसिसिपीत वेव्हलँड इथे शिबिर होतं. स्निकचे स्टोकली कार्मायकल यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे चार वाक्यं, मुलांच्या घरच्या बोलीत. उजवीकडे तीच चार वाक्यं शाळेतल्या इंग्रजीत. एक स्वातंत्र्याबद्दलचं, एक पोलिसांच्या त्रासाबद्दलचं, एक मतदार नोंदणीबद्दलचं. मग त्यांनी फक्त प्रश्न विचारले. कुठलं बरोबर? बरोबर कोण ठरवतं? डावीकडचं समजतं का? मग ते चूक कसं? उजवीकडचं बोलणारे लोक किती? थोडे. मग थोड्यांचं बरोबर आणि बहुतेकांचं चूक, हे कुणाच्या फायद्याचं? मुलं स्वतःच बोलत बोलत तिथे पोहोचली की ज्यांच्या हातात सत्ता असते, त्यांची बोली ‘शुद्ध’ होते. त्या तासाची टिपणं जेन स्टेंब्रिज या सहकारी कार्यकर्तीनं लिहून ठेवली, म्हणून आपल्याला तो तास कळतो.

‘तुम्ही मुसलमान असून किती छान मराठी बोलता!’ हे कौतुक ऐकत मी मोठा झालो. या ब्लॉगच्या अनेक वाचकांनीही ते ऐकलं असेल. त्यातला ‘असून’ टोचतो. आमच्या घरात वऱ्हाडी आणि दखनीची खिचडी बोलली जाते. शाळेत मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. हसणाऱ्यांच्या घरीही ‘येऊन राहिलो, जाऊन राहिलो’च चालायचं, पण हसू आमच्या वाट्याला यायचं.

आमच्या रविवारच्या वर्गात एक मुलगी कधी बोलत नसे. मी फळ्यावर तीन रकाने आखले. ‘मेरे कू फारम भरना है’, ‘मले फारम भराचा हाय’, ‘मला अर्ज भरायचा आहे.’ विचारलं, तहसील कचेरीतल्या बाबूला यातलं कुठलं समजत नाही? ती म्हणाली, ‘सर, समजते तर तिन्ही. पर पहिलं बोललं का तो वर पाहतच नाही.’ पुढचा तास तिनंच घेतला म्हटलं तरी चालेल. प्रमाण मराठी आम्ही टाकून दिली नाही. अर्ज तिच्यातच लिहायचे हे ठरलं. पण ती शिकताना घरच्या भाषेची शरम बाळगायची नाही, हेही ठरलं.

माल्कम आणि काळा चित्ता

आपल्याला माल्कम एक्स प्रिय असतात ते त्यांच्या इस्लाममुळे, हजच्या प्रवासामुळे. त्यांचा एक प्रसंग आपल्याकडे कमी सांगितला जातो. 1964 च्या शेवटच्या दिवशी मॅककोंबची 37 शाळकरी मुलं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांना भेटली. हो, तेच मॅककोंब. माल्कम त्यांना म्हणाले नाहीत की माझ्यामागे या. त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, स्वतःच्या कानांनी ऐका, आणि मग स्वतःच्या डोक्यानं विचार करा. पुढच्या आठ आठवड्यांत त्यांची हत्या झाली. तुरुंगात शब्दकोश उतरवून काढत शिकलेल्या माणसानं मुलांना दिलेली ती वसीयतच म्हणायची.

आणि शेवटचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत दर दहापैकी आठ माणसं कृष्णवर्णीय होती. 1965 च्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही मतदार यादीत नव्हता. स्निकनं तिथे कायदा धुंडाळला, तेव्हा कळलं की काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो. मग वर्ग सुरू झाले. शेरीफचं काम काय, कर ठरवणारा अधिकारी काय करतो, हे चित्रकथांच्या पुस्तिकांतून समजावलं गेलं. अनेकांना वाचता येत नसल्यानं आपल्याकडच्यासारखीच तिथे पक्षांना चिन्हं असायची. यांनी काळा चित्ता घेतला. 1966 ची निवडणूक ते हरले. पण 1970 मध्ये त्यांच्यातलाच जॉन ह्युलेट शेरीफ झाला. तेच चिन्ह 1966 मध्ये ओकलंडच्या ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी उचललं आणि ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांच्याकडेही सभासदाला राजकीय शिक्षणाचा वर्ग सक्तीचा होता. त्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच्याही 99 वर्षं आधी महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली होती. म्हणजे हा इतिहास परका मानायचं कारण नाही.

त्या चळवळीत सगळं आलबेल होतं असं कुणी समजू नये. बेकर आणि क्लार्क यांच्यासारख्या बायकांना पुरुष नेत्यांनी बरोबरीचा मान दिला नाही, आणि स्निक पुढे मतभेदांनी विस्कटली. पण वर्ग करून गेलेली माणसं गावोगाव उरली. बॉब मोझेस यांनी 1982 नंतर पुन्हा गणित हाती घेतलं. गरीब कृष्णवर्णीय मुलाला बीजगणित येणं हा मतदानाइतकाच नागरी हक्क आहे, असं ते म्हणत.

तर मुलांनो, ‘पुढे काय?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. मोर्चाच्या आधी वर्ग, मोर्चाच्या नंतर वर्ग. आपल्या गावात कुणाचा अर्ज अडलाय ते शोधा. कायदा शोधा. आपल्या भीतीबद्दल एकमेकांशी बोला. आणि आपल्यातला कुणी एकटा पडला तर त्याच्यासाठी गणिताचा मास्तर कोण, हे आधी ठरवा.

बुजुर्गांना एवढीच विनंती की आम्हाला आशीर्वाद नका देऊ, हवं तर. तुमची एक खोली द्या. सध्या वर्गाला अकरा जण येतात. ते निवृत्त गुरुजी महिन्यातून एकदा इंग्रजी शिकवायला तयार झाले आहेत. सियासतवर बोलणार नाही, असं त्यांनी बजावलं आहे. आमची त्याला हरकत नाही.